फेस न येणारी बाटली आणि केसांची पिशवी

लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी मोठी जाऊ शेजारणीला म्हणाली होती, "माहेरून आणलं काय तिनं? केस." मी दाराआड उभी होते. पुढे धानोऱ्याच्या बाजारात तांदूळ विकला, मूल गावात स्वतःचं दुकान टाकलं, घरावर स्लॅब घातला. पण ते वाक्य मनातून गेलं नाही. म्हणून वेणीवर माझा जरा जास्तच जीव. ती गेली तर जाऊ जिंकली.

मागच्या उन्हाळ्यात टाळूला खाज सुटली. बसस्टँडजवळच्या दुकानातल्या भाभीने एक बाटली पुढे केली. सल्फेट नाही, फेस नाही, शाम्पू आणि कंडिशनर एकातच.

"फेस नाई तर भाव बी अर्धा लाव," मी म्हटलं.

"बाई, मी फेस विकत नाई."

तरी वरून एक कंगवा उकळलाच.

आमच्याकडे विंचरताना निघालेले केस फेकत नाहीत. त्यांची गुंडाळी करून न्हाणीच्या दारामागच्या पिशवीत कोंबायची आणि सायकलवर केसवाला आला की बदल्यात भांडं घ्यायचं. एरवी ती पिशवी भरता भरत नाही. या बाटलीनंतर मात्र महिन्याभरातच टम्म फुगली. आरशात भांग रुंद दिसायला लागला. मोबाइलवर कुणी म्हणे असल्या बाटलीनं टक्कल पडतं, कुणी म्हणे काहीच होत नाही. शेवटी जावेलाच विचारलं, "माहे केस पातळ दिसून राह्यले काय वो?"

"मले काय माहीत," म्हणत तिने पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि निघून गेली. मला वाटलं, हसू लपवते आहे.

तशीच तणतणत दुकानात गेले आणि पिशवी काउंटरवर उलटी केली. "हे पाह्य! टकली करून राह्यली तुही बाटली मले!"

भाभीने गुंडाळ्या उचलून उन्हात धरल्या. "बाई, मेहंदी कधीपासून लावता?"

"मी? माह्या डोक्यात एक पांढरा केस दाखव!"

"मंग हे लाल केस कोनाचे?"

बहुतेक गुंडाळ्या विटेसारख्या लाल. घाईघाईत कोंबताना मी कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या घरात मेहंदी लावणारी एकच. काळ्या गुंडाळ्या वेगळ्या केल्या तर जेमतेम मूठभर.

"एवढे तं सगळ्यांचेच जाते," भाभी म्हणाली. "पण लावता कसं?"

"मोहाच्या तेलावरच मुळाशी थापते. वरून तांब्याभर पाणी." एवढं महागाचं धुऊन कशाला घालवायचं!

"खालून मोहाचं तेल, वरून हे. मंग मुळाशी थर साचते, खाज जात नाई, असंच चाललं तं केस बी गळतीन. बोटांनी चोळा, भरपूर पाण्यानं धुवा. तरी खाज राह्यली तं बंद करा अन् चंद्रपूरच्या डॉक्टरले दाखवा. बाटलीले काऊन शिव्या देता?"

मी केस परत पिशवीत भरले. जाताना दोन पिना मागून घेतल्या, झालेल्या त्रासाच्या बदल्यात.

घरी आले तर जाऊ अंगणात केस मोकळे सोडून वाळवत बसलेली. लाल, मऊ, झळझळीत. मी इतक्यात परतेन असं तिला वाटलंच नव्हतं.

"माही बाटली!"

"न्हाणीत उघडीच तं होती."

"अन् केस माह्या पिशवीत काऊन?"

"मंग? सौदा तुले जमते. मले तं तो केसवाला चमचा बी देत नाई."

इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर आलं. "मी या घरात काय आणलं होतं, सांग आता!"

"केस," ती म्हणाली. मग मान वळवून, "अन् काय केस होते वो! मी तं जळून गेली होती."

भांडायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. ती पण हसता हसता पाटावरून घसरली.

आता मी चोळून, भरपूर पाण्याने धुते. खाज गेली, वेणी अजून कमरेखाली आहे. केसवाल्याकडून भात शिजवायला मोठा गंज घेतला, तो माझ्या स्वयंपाकघरात. जावेला चमचा मिळाला, तोही मी भांडून मिळवलेला. बाटली मात्र आता तीच आणते.