पाटावरून उठणं

लिव्हर खराब झालं म्हटलं की लोक आधी तुमच्या तोंडाचा वास घेतात. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. पण नोकरी सगळी रायपुरातल्या भनपुरी भागातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात, ट्रकवाल्यांच्या संगतीत झालेली, आणि तेवढा पुरावा नातेवाइकांना पुरला. साखर आणि चरबीनं मिळून हे केलंय असं डॉक्टर सांगून थकले, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता तरी सोडा’ म्हणून जायचा. कोणाकोणाशी भांडणार?

खरा घात मात्र पथ्यानं केला. आमच्याकडे काविळीचं एक ठरलेलं पथ्य आहे, आजोबांच्या सामानाबरोबर विदर्भातून रायपूरला आलेलं. लिव्हरचं काहीही बिघडो, तेच लागू. डाळ जड, दूध जड, तेल म्हणजे विष, हळद नजरेलाही नको, आणि माणसानं अंथरूण सोडायचं नाही. बायकोनं ते जीव ओतून पाळलं. उकडलेली लौकी, म्हणजे दुधी, मुगाचं पाणी, दिवेलागणीला जेवण, की मग दुसऱ्या दिवशी तिची पूजा आटोपेपर्यंत काही नाही. पोटात पाणी साचत होतं म्हणून वजन उतरत नव्हतं, आणि वजन टिकलं म्हणून घर खूश होतं. एका सकाळी मी खाटेवरून उठायला गेलो आणि परत खाटेवरच बसलो. मांड्यांमध्ये जीवच उरला नव्हता.

ही बातमी नागपूरला धाकट्या भावाकडे पोचली आणि तो महालक्ष्म्यांचं बोलायलाच आला. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, थोरल्याच्या घरी. कर्त्या पुरुषानं पाटावर बसून पूजा करायची, मग उठून उभ्यानं आरती. भाऊ म्हणाला, यंदापासून त्या माझ्याकडे नेतो. आमच्यात एकदा गेलेल्या महालक्ष्म्या परत येत नाहीत. त्याच्या पोटात माया होती हे मला दिसत होतं, म्हणून तर जास्त राग आला. मी म्हणालो, पाटावरून आपल्या पायांनी उठलो नाही तर घेऊन जा. त्यानं ते मान्य केलं, कारण तेव्हा मला पाटावर बसवायलाच दोन माणसं लागली असती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी आम्हाला आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. पोरगेलीशी मुलगी, इथल्याच मराठी घरातली. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत. तिनं मला हात न टेकवता खुर्चीतून उठायला सांगितलं. मला जमलं नाही. तिनं माझ्या फुगलेल्या पोटाकडे पाहिलंही नाही, मांडी चाचपली आणि म्हणाली, “काका, वजन देखकर खुश मत होइए। रातभर भूखे रहते हैं तो शरीर यही खाता है।”

बायको तिथंच रडायला लागली. तिला वाटलं, आपणच नवऱ्याला उपाशी मारलं. मुलगी म्हणाली, हव, झालं खरं तसं, पण अजून वेळ गेलेली नाही. मग तिनं आमचं सगळं पथ्य उलटं करून टाकलं. डाळ, दही, पनीर, भिजवलेले चणे खा, थोड्या थोड्या वेळानं खा, आणि झोपण्याआधी काहीतरी खाल्ल्याशिवाय झोपू नका. बंद काय ते मीठ. चालायचं, खुर्चीतून उठबस करायची, पाण्याच्या बाटल्या उचलायच्या, पण डॉक्टरांना विचारून, आणि श्वास कोंडून जोर लावायचा नाही. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो आमचा जुना इलाज होता. हा नवा नुसता कंटाळवाणा होता.

बायको एकदा वळली की वळली. गोल बाजारातून लहान लहान डबे आणले, आणि माझ्या उशाशी दूध-पोळी ठेवल्याशिवाय ती दिवा मालवेना. मी खुर्चीतून उठताना कुरकुरलो की म्हणायची, ट्रकवाल्यांवर ओरडायला जोर होता ना, तो आणा. पहिल्यांदा हात न लावता उभा राहिलो तेव्हा मी अख्ख्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ऐकू जाईल अशी तिला हाक मारली. पुढे तळ्याभोवती फेरी जमली. औषधांनी पोटातलं पाणी ओसरलं, कपडे ढिले झाले, आणि पाय माझे झाले.

महालक्ष्म्यांच्या दिवशी आमच्याकडे नैवेद्यापर्यंत पूजेला बसणारा तोंडात काही घालत नाही. बायकोचा हा नियम लोखंडी. एकदा तिनं माझ्या आईलाही चहा दिला नव्हता. भाऊ-भावजय पाहत असताना ती दुपारी माझ्यासमोर ताटली घेऊन आली. पनीर आणि चण्याची उसळ.

“नैवेद्य व्हायचा आहे, मले माहीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही खाऊन घ्या. महालक्ष्मीले मी सांगते.”

मी भावासमोरच पहिला घास घेतला. ताटली पुसून खाल्ली.

पूजा लांबली. गुरुजींना घाई नव्हती आणि माझ्या मांड्या दुखायला लागल्या होत्या. आरतीची वेळ झाली. एक पाय पुढे रोवला, श्वास सोडला आणि उठलो. मध्येच पाय थरथरले. भाऊ दोन्ही हात पुढे करून धावला.

“हात नको,” मी उभा राहून म्हणालो, “तबक दे.”

त्यानं तबक दिलं, डोळे पुसले, आणि वहिनीला म्हणाला की पुढच्या वर्षीही आम्हीच इकडे येतो. आरती मी सुरू केली, जरा जास्तच मोठ्यानं.