राजेळी माझ्यावर भुंकायची

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. ‘यांच्या पोटात काही राहत नाही’ असं ती चारचौघांत माझ्याबद्दल सांगते. राहतं — एक गोष्ट राहिली आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. बघू.

तसं ऐकायला काहीच नाही. एक कुत्री काही दिवस आमच्या घरी होती आणि मग गेली. आम्ही राहतो त्या उमेळ्याच्या बाजूला तेव्हा रोज कुठली ना कुठली केळीची वाडी तुटत होती, इमारती उठत होत्या. माणसांचीच उचलबांगडी होत होती, तिथे एका कुत्रीचं काय?

पण मला कुत्रा हवा होता. किती हवा होता, हे कसं सांगू? मी गिरगावात चाळीत वाढलो. रात्री पाय पसरायची मारामार, तिथे कुत्रा कुठला? नव्वदच्या सुमाराला इकडे फ्लॅट घेतला तेव्हा बाकीचे लोक उजेड बघत होते, पाणी बघत होते — पाणी टँकरचंच होतं म्हणा — आणि मी दाराजवळचा कोपरा बघत होतो. इथे तो बसेल, असं मनात म्हणालो. कोण बसेल, ते कोणाला बोललो नाही. चाळिशीला आलेल्या बाप्याने असलं काही बोलायचं असतं का?

अडचणी दोन होत्या. एक माझं नाक. धूळ, गारठा, उदबत्ती — शिंकायला त्याला काहीही पुरतं. डॉक्टर म्हणाले, केसांनी त्रास वाढेल, कदाचित नाही वाढणार, ठेवून बघा. दुसरी अडचण सुनंदाने, म्हणजे बायकोने, सांगितली. “तुम्ही अंधारात जाता नि अंधारात येता. कुत्रा आणताय कोणासाठी?” आणि वर, “नाकापेक्षा मोती जड व्हायचा, सांगून ठेवते.” मेधा, आमची एकुलती एक, तेव्हा चौथीत होती. ती मात्र मी जेवायला बसलो की समोर बसून नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. शेवटी मीच म्हणालो, आणू या.

समोरच्या वाडीतल्या नारायणकाकांची ती कुत्री. वाडी बिल्डरकडे गेली होती, काका मुलाकडे आगाशीला राहायला निघाले होते आणि तिथे तिला जागा नव्हती. पिकल्या राजेळी केळ्यासारखा रंग, म्हणून नावही राजेळीच. दोरी माझ्या हातात देताना काका म्हणाले, “ठेवून बघा, भाऊ. नाय जमलं तर मी हाय इथं अजून थोडे दिस. पन मारू नका तिला. शानी हाय. वाडीची राखन तिनंच केली.”

पहिले दोन दिवस माझं नाक वाहिलं, डोळे चुरचुरले. मग थांबलं. अगदी थांबलं — हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घर बदलून गेलं. म्हणजे असं ऐकलं. दूधवाला आला की राजेळी शेपूट हलवते, टँकर आला की मेधाबरोबर खाली जाते, सुनंदा निवडायला बसली की तिच्या गुडघ्याला टेकून झोपते. हे सगळं मला जेवताना कळायचं. कारण मी घरात पाऊल टाकायचो तेव्हा ती माझ्यावर भुंकत असायची.

रोज. जिना चढायला लागलो की वरून सुरुवात. दार उघडलं की दात दिसायचे. मेधा तिला कवटाळून म्हणायची, “अगं, बाबा आहेत, बाबा!” आणि मी आपल्याच उंबऱ्यावर चपला न काढता उभा. शेजारचे गृहस्थ दार किलकिलं करून विचारायचे, “काय साहेब, आज पास झालात का?” मी हसायचो. ग्लुकोजची बिस्किटं आणली. ती तिने खाल्ली, तोंड पुसलं आणि पुन्हा भुंकली.

काकांना विचारलं तर ते सहज म्हणाले, “दिवेलागनीनंतर येतो तो चोर, एवढंच तिला ठावं. केळीचे घड जायचे ना आमचे.” बरोबरच होतं. आमच्या घरात दिवेलागणीनंतर बाहेरून येणारा माणूस एकच होता.

एका रविवारी दुपारी मी आरामखुर्चीत पेपर वाचत होतो. ती आली, माझ्या पावलावर हनुवटी ठेवली आणि झोपली. काय सांगू तुम्हाला? पायाला मुंग्या आल्या तरी मी हललो नाही. चहा गार झाला. माझ्या सगळ्या लहानपणाने ज्याची वाट पाहिली होती, ते माझ्या पायावर घोरत होतं. वाटलं, झालं — जमलं.

सोमवारी ती माझ्यावर भुंकली.

आता सांगतो. आमच्या ऑफिसात एक कारकून तपकीर ओढायचे. मी त्यांच्याकडून चिमूटभर मागून घेतली, कागदाच्या पुडीत. ते म्हणाले, “तुम्ही कधीपासून?” मी म्हणालो, गंमत. त्या संध्याकाळी आमच्या जिन्यात, वरून भुंकणं ऐकू येत असताना, मी ती ओढली. घरात शिरलो तो शिंकतच. डोळ्यांतून धारा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या रात्री मी खुर्चीत ताठ बसून राहिलो आणि दम लागल्यासारखा श्वास घेत राहिलो. लागला नव्हता. तपकिरीनेही लागत नाही. तो नुसता आवाज होता — आणि मी तो कोणाला ऐकू जावा म्हणून काढत होतो, हे मला माहीत होतं.

मेधा उठली. दारात उभी राहून बघत राहिली. मग तिने राजेळीला उठवलं, बाहेर जिन्याजवळ नेलं, दार लावलं आणि दाराला पाठ लावून बसली. पलीकडून राजेळी दार खरवडत होती. सकाळी तीच म्हणाली, “बाबा, आपण तिला परत देऊ या.” मी म्हणालो का, नको? मी म्हणालो, “तुला चालेल ना?”

तिनेच नेऊन दिली. मी कामावर होतो. सुनंदा सांगत होती की मेधा परत आल्यावर रडली नाही. तिने फरशी पुसली आणि माझ्या चादरीवरचे केस एकेक करून वेचले. काकांनी राजेळीला चांदीप गावी नात्यातल्या कोणाच्या तरी शेतावर पाठवलं. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आणि त्यानंतर? त्यानंतर मी जिना चढायला लागलो की मेधा दार उघडून उभी असायची. गरम पाण्याचा पेला घेऊन. माझ्या छातीला कान लावायची. इतकी वर्षं हे मला कोणी दिलं नव्हतं — का देतील? मी घरात असायचोच कुठे? मला ते सुटेना. रस्त्यात कुत्रा दिसला की मी तिच्यादेखत रुमाल काढायचो. ती मोठी झाली, कॉलेजात गेली, तरी काढायचो. मैत्रिणीकडे कुत्रा असला तर ती कपडे बदलूनच माझ्याजवळ यायची.

ही जुनी गोष्ट आहे, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटत होतं.

आता मी निवृत्त आहे. मेधा लग्न होऊन ठाण्याला असते. गेल्या महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो होतो. जावयाच्या मित्राकडे पिल्लं झाली होती आणि त्याला एक आणायचं होतं. मेधालाही हवं होतं. पिल्लाबद्दल बोलताना तिचा चेहरा चौथीतला झाला होता. तरी ती म्हणाली, “नको. बाबा येतात आपल्याकडे.” जावई भिडस्त मुलगा. त्याने जरा चाचरत मलाच विचारलं, “बाबा, तुम्हाला खरंच अजून इतका त्रास होतो का?”

“त्यांना काय विचारतोस?” मेधा म्हणाली. “मी पाहिलंय. रात्रभर बसून होते.”

दोघं माझ्याकडे बघत होती. एका शब्दाचं काम होतं. मी म्हणालो, “होतो.”

मेधाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला बरं वाटलं.