लोटनची क्रेन आणि आखाजीचा झोका

नंदुरबारच्या एका जिनिंग-प्रेसमध्ये अठ्ठावन्न साली क्रेन आली आणि तिला जागा करायला अंगणातला मोठा निंब तोडला. हाताने फिरवायची साधी क्रेन, पण कापसाची दाबलेली गाठ उचलून थेट ट्रकवर ठेवायची. ती चालवायला लोटन सुरतेजवळच्या उधन्याला एका पारशी मिस्त्रीकडे हंगामभर शिकून आला होता.

लोटन इतरांनाही हौसेने शिकवायचा. नव्या गड्याला आधी काठोकाठ भरलेली घागर हुकाला लावून द्यायचा. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. बोजाखाली उभं राहणाऱ्याला तो असा झाडायचा की बोजा परवडला! आणि हुकावर माणसाने चढायचं नाही, म्हणजे नाही. दलसिंग नावाचा उमदा गडी एकदा हुकावर पाय देऊन मजेत वर गेला, तर लोटनने त्याच्या हाती आठवडाभर झाडू दिला.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया आली. या सणाला खानदेशातल्या लेकी माहेरी जाऊन झोके घेतात, गाणी म्हणतात; न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. लोटनची बायको निर्मलाबाई याच जिनमध्ये कापूस निवडायची. तिचे आईबाप गेलेले, भाऊ नव्हताच. दरसाल जिनमधल्या बायांबरोबर निंबावर झोका घेतला की तिची आखाजी व्हायची. आता निंब कुठे?

सणाच्या आदल्या दिवशी ती दोर आणि पाट घेऊन सरळ क्रेनपाशी आली.

"निंब तुमनी क्रेननी खादा. आते झोका बी तिलेच देनं पडी."

बायकोला नाही म्हणणं लोटनच्या जिवावर आलं. पण सगळे गडी हातातलं काम सोडून बघत होते, आणि दलसिंग सगळ्यांत पुढे.

"हुकवर कोनीच बसानं नहीं," लोटन म्हणाला. "तू बी नहीं, सेठ बी नहीं."

निर्मलाबाई आल्या पावली परतली. रात्री तिने भाकरी ताटात आपटली. नियम बरोबर होता आणि बायकोही बरोबर होती. अशा वेळी नवऱ्याने काय करायचं, ते मिस्त्रीने शिकवलं नव्हतं.

सकाळी तो जिनमध्ये गेला, तर गड्यांनी भिंतीकडेला प्रेसच्या जुन्या तुळया रोवून वर आडवं लाकूड बांधलेलं. झोक्यावर पहिली बसली होती कापसाची गाठ! ती हलवून हलवून सगळे दोर तपासत होते. लोटनने स्वतः वर चढून लाकूड पाहिलं आणि मान डोलावली. त्याला इतकं बरं वाटलं की रागवायला काही सापडेना.

"दलसिंग कोठे शे?" त्याने विचारलं. सगळे नुसते हसले.

लोटन घरी आला तेव्हा दारात दलसिंग उभा होता, धुतलेली टोपी घालून, हातात गूळखोबऱ्याची पुडी.

"ताई, मी तुन्हा मुराळी. चाल, तुले लेवाले उनू."

निर्मलाबाईने पदर डोळ्यांना लावला आणि पोटभर रडली. मग आत जाऊन नवं लुगडं नेसली, पुडी ओच्यात बांधली आणि भावामागे जिनकडे निघाली. लोटनकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. माहेरी निघालेली बाई नवऱ्याकडे कशाला बघते?