मंजुळाताईंचे बर्फाचे पिक्चर

मंजुळाताई तांबे आमच्या शेजारच्या. महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात त्या पॅकिंगला आहेत. त्यांचे यजमान बुद्धरत्न सर, शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त. एकुलती एक मुलगी दिशा लग्न होऊन कामोठ्याला गेली.

एकवीस सालच्या जुलैत सावित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आम्ही सगळे समोरच्या इमारतीच्या गच्चीवर होतो. पाणी ओसरल्यावर खाली आलो, तर ताईंच्या घरात गुडघाभर चिखल. लाकडी कपाट फुगलेलं, त्याचं दार उघडेना. गाद्या, गोधड्या, लग्नातले फोटो, दिशाची शाळेतली बक्षिसं, सगळं रस्त्यावरच्या ढिगात गेलं. ताई रडल्या नाहीत. पदर खोचून चिखल ओढत राहिल्या. पण पुढे कित्येक महिने घरात काही नवं घ्यायचा विषय निघाला की म्हणायच्या, "कशाला? परत पाण्यातच जायचं हाय." दोन ताटं, दोन वाट्या आणि एक कढई, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता.

त्या डिसेंबरात दिशाला मुलगा झाला. बाळंतपणासाठी ताई रजा टाकून कामोठ्याला गेल्या. दुपारी बाळ मांडीवर झोपलं की दिशा टीव्हीवर नाताळचे इंग्रजी सिनेमे लावायची, हिंदीत डब केलेले. तिला ते कॉलेजपासून आवडायचे. "यात कुणी कुणाचा खून करत नाही गं आई," ती म्हणायची, "दोघं भेटतात, भांडतात, बर्फ पडतो, मग सगळं नीट होतं. डोक्याला ताप नाही."

ताई नुसत्या बसल्या होत्या. नायक कोण, नायिका कोण, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या घर बघत होत्या. फडताळात ओळीनं लावलेल्या बश्या, पलंगावर घडी घातलेल्या जाड रजया, जिन्याच्या भिंतीवर वरपर्यंत लावलेले फोटो. बाहेर माणूसभर उंच बर्फ आणि आत चूल पेटलेली.

"किती सामान हाय गं यांच्या घरात," ताई म्हणाल्या. "आणि सगळं कोरडं."

दिशाने वळून बघितलं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुरानंतर पहिल्यांदाच. दिशा सरकून जवळ बसली. त्या मायलेकींनी त्या महिन्यात असे किती सिनेमे बघितले असतील कोण जाणे. परत आल्यावर ताईंनी पहिलं काम केलं ते नवं कपाट घेण्याचं. मग बश्या आल्या, गाद्या आल्या. टीव्ही मात्र त्यांनी भिंतीवर इतका उंच लावून घेतला की बघताना मान दुखते.

दर डिसेंबरात ताईंचे बर्फाचे पिक्चर सुरू झाले. कामावरून आल्या की चहाचा कप घेऊन एक लावायच्या. गल्लीतल्या आम्ही दोघी-तिघी जायचो. मला त्यातलं जेवणाचं टेबल आवडतं, सगळे एका वेळी जेवायला बसतात म्हणून. आमच्याकडे कारखान्यातल्या पाळ्यांमुळे तसं कधी होतच नाही.

पण पंचवीस डिसेंबरला टीव्ही बंद. तो सरांचा नियम. त्या दिवशी मनुस्मृती दहनाची आठवण म्हणून दूरदूरचे लोक महाडला येतात, त्यात बाया खूप. चवदार तळ्याजवळ आमच्या मंडळाचा चहा-पोह्यांचा स्टॉल असतो. ताई पहाटेपासून पातेल्यापाशी आणि सर येणाऱ्यांना वाट दाखवायला. सर म्हणायचे, "आजचा दिवस इथे कशासाठी उगवला ते लोकांना कळायला नको? आज कसले बर्फाचे पिक्चर!" ताई वाद घालत नसत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. परभणीकडून आलेल्या एक आजीबाई, सुंदराबाई, स्टॉलसमोरच मटकन खाली बसल्या. पहाटेपासून पोटात काही नव्हतं, त्यात ऊन. तळ्याजवळच्या डॉक्टरांनी तपासून विश्रांती घ्यायला सांगितलं. त्यांच्यासोबतच्या बाया म्हणाल्या, दुपारी जीप निघेल तेव्हा घ्यायला येतो. ताईंनी आणि मी त्यांना ताईंच्या घरी आणलं, पेज दिली, पलंगावर झोपवलं. दिशा मुलाला घेऊन आलेलीच होती.

आजीबाईंना झोप कसली! थोड्या वेळानं उठून बसल्या. "टीव्ही हाय की. लाव की लेकरा."

दिशाने आईकडे बघितलं. पाहुणीला नाही कसं म्हणणार? ताई म्हणाल्या, "लाव."

लागला तो नेमका नाताळचाच. एक म्हातारा बेकरीवाला, त्याची थोरली मुलगी त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलेली. धाकटी आणि तिचा नवरा त्याच्यापाशी राहतात. सुंदराबाई एकेका माणसाची चौकशी करत होत्या. "ही कामून रडायली? आन् हिचा बाप कुठं गेला?" मग एकदम ओरडल्या, "अगं बया! जावई भांडे घासायलाय बघ!"

खरंच, पडद्यावर धाकटीचा नवरा बाह्या सरसावून भांडी घासत होता आणि बायको खुर्चीत बसून कॉफी पीत होती. आम्ही सगळ्या हसलो. तेवढ्यात दारात सर.

ताई गडबडीनं उठल्या. सर टीव्हीकडे बघत उभे राहिले. काही बोलणार इतक्यात सुंदराबाईच म्हणाल्या, "या दादा, बसा. आजच्या दिवसाला हेच दाखवाया पायजे बाप्यांना."

सरांना हसू आवरलं नाही. चप्पल काढून ते हाताची घडी घालून खुर्चीत बसले. निम्मा सिनेमा होऊन गेला होता, तरी कुणालाच काही न विचारता बघत राहिले. शेवटाकडे थोरली मुलगी लेकराला घेऊन बर्फातून येते, दार वाजवते. म्हातारा आतल्या बाजूनं दाराला हात लावून उभा. कडी काढीना.

"उघड की रे आता," सर म्हणाले. मोठ्यानं.

नेमका बाहेर जीपचा हॉर्न वाजला. सुंदराबाई पिशवी चाचपत उठू लागल्या.

"बसा तुम्ही," सर म्हणाले. "मी बघतो."

आम्ही खिडकीतून पाहिलं. सर जीपपाशी गेले, ड्रायव्हरशी बोलले, मग सगळ्यांना शेजारी आमच्या पडवीत बसवून आमच्याच स्वयंपाकघरात स्वतः चहा टाकला. ताईंनी उभ्या जन्मात त्यांना चहा टाकताना पाहिलं नव्हतं. साखर कुठे आहे ते त्यांनी तिथूनच तीनदा ओरडून विचारलं.

सुंदराबाईंनी म्हाताऱ्यानं दार उघडलेलं बघितलं, डोळे पुसले आणि मगच जीपमध्ये चढल्या. निघताना सरांना म्हणाल्या, "चहा ग्वाड झाला, पर भांडे ऱ्हायले."

तेव्हापासून पंचवीस डिसेंबरला तळ्यावरचं काम आटोपलं की संध्याकाळी ताईंच्या घरी टीव्ही लागतो. सर सांगत नाहीत, पण मंडळाची बैठक ते त्याआधी उरकून घेतात.

यंदा सुंदराबाई आल्या नाहीत, गुडघे धरलेत. त्यांच्या बायांनी तळ्यावर तसं सांगितलं, तेव्हा ताईंचं कशात मन लागेना. संध्याकाळी फोन वाजला.

"लावला का पिक्चर?" सुंदराबाईंचा आवाज.

"आत्ताच लावलाय. नवा हाय."

"आमच्याकडं लाईट गेली बाई. सांग की काय चाललंय."

ताईंनी फोन कानाशी धरला, खुर्ची टीव्हीजवळ ओढली आणि मान वर केली.

"एक बाई हाय," त्या सांगू लागल्या. "गाडीतनं उतरलीय. हातात बॅग. न्यायला कुणी आलेलं नाय."

"येईल की," पलीकडून आवाज आला. "म्होरं?"