डोहातला राक्षस आईला पटला नाही

वाचक मंडळातल्या मित्रमैत्रिणींनो, आत्ताच मॅटिनी बघून आले आणि घरी न जाता आधी आपल्या फलकासाठी हे लिहायला बसले!

आपण वाचलेल्या त्या डोहातल्या राक्षसाच्या कादंबरीवरचा सिनेमा सीताबर्डीला लागलाय. आईला घेऊन गेले होते. तिला वाचता येत नाही. ती कादंबरी महिनाभर मीच तिला वाचून दाखवली होती.

पडद्यावर रबरी कातडीचा, मोठाल्या दातांचा राक्षस आला आणि आई जोरात म्हणाली, "हा तो नाही वं! हा निरा गुरगुरून राहिला. तो तर हरवलेल्या पिल्लासाठी रडत होता!"

मी शरमेनं मान खाली घातली. पण मध्यंतरात मागच्या रांगेतल्या बायकांनीच तिला गाठलं. "मंग खरा कसा होता वं, मावशी?"

आईनं सांगायला सुरुवात केली. त्याचे हिरवे डोळे, चिखलातून येणारी त्याची हाक, सगळं! मध्यंतर संपल्याची घंटा वाजली तरी एकही बाई तिच्याजवळून हलली नाही.

बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "मले वाचाले शिकव. पुढचा राक्षस मी सोता वाचीन."

कोणाकडे मोठ्या अक्षरांची अंकलिपी आहे का? आजच हवी आहे!