चाळिशीतला निर्व्यसनी स्ट्राइक

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे ते नाहूरच्या मामांचं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेतून आलो आणि मामांच्या वन रूम किचनमध्ये, जेवणाच्या टेबलाखाली पाय पसरून झोपत बीकॉम झालो. आणि माणसाला मरणाची भीती इतक्या प्रेमाने घालणारा दुसरा गृहस्थ मुंबईत झाला नसेल, हेही तितकंच खरं. मामा विमा एजंट होते. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानात जिलबी पडली की ते हळूच विचारत, "शुगर तपासलीत का हो?" मठ्ठा येईपर्यंत त्या बिचाऱ्याने पॉलिसी घ्यायचं कबूल केलेलं असे.

साठीनंतर त्यांचं फिरणं थांबलं आणि ते घरी बसून शेअर बाजारात पुट ऑप्शन विकू लागले. म्हणजे साध्या भाषेत, बाजार अमुक भावाच्या खाली गेला तर पुढचं नुकसान मी सोसतो, अशी हमी द्यायची आणि तिचा प्रीमियम आधी खिशात घालायचा. तो अमुक भाव म्हणजे स्ट्राइक. प्रीमियम हा शब्द ऐकूनच मामा विरघळले. "आयुष्यभर कंपनीसाठी हप्ते गोळा केले रे. आता मीच कंपनी!"

बाजार उघडायच्या आधी ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून लॅपटॉपपुढे बसत. मामी म्हणायची, "घरातच तर बसायचंय, बनियन चालेल की." त्यावर मामा, "बनियनवर कुणी प्रपोजल भरतं का गं?" स्ट्राइक निवडणं म्हणजे त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाची वैद्यकीय तपासणी होती. बाजाराच्या अगदी जवळचा स्ट्राइक दाखवून सांगत, "हा दमेकरी. हप्ता झकास देईल, पण उद्याच क्लेम लावेल." लांबचा असला की, "हा तालमीतला पोरगा. मरायचा नाही, पण हप्त्यात चहासुद्धा सुटायचा नाही." मग बराच वेळ चष्मा पुसून मधला एक निवडत. "हा बघ. चाळिशीतला, निर्व्यसनी, सरकारी नोकरीतला!"

माझा जीव मात्र टांगणीला लागे, कारण म्हातारपणासाठी ठेवलेली सगळी पुंजी त्यांनी या हमीपोटी अडकवली होती. आणखी खालच्या स्ट्राइकचा एक स्वस्त पुट विकत घेतला की नुकसानाला तळ मिळतो, हे मी परोपरीने सांगितलं. पण हप्ता भरायचं नाव काढलं की मामांचा चेहरा पडे.

"कंपनी कधी स्वतःचा विमा काढते का रे?"

"काढते, मामा. त्याला रीइन्शुरन्स म्हणतात."

"बघ गं," ते मामीकडे वळून म्हणाले, "याला शिकवला त्याचा परिणाम!"

मामी हसली नाही. "जगाच्या गळ्यात विमा मारलात, आता एक स्वतःपुरता घ्या ना," एवढंच म्हणाली.

मग एका सोमवारी बाजार उघडला तोच मामांच्या स्ट्राइकच्या पार खाली. मी दिंडोशीच्या माझ्या घरून पोचलो तोवर ब्रोकरने सौदे तोट्यात बंद करून टाकले होते. पुंजी जवळजवळ सगळी गेली होती. मामा इस्त्रीच्या शर्टात तसेच बसले होते. "निर्व्यसनी होता रे," एवढंच बोलले. मला हसू येईल असं त्यांना वाटलं असावं. मला आलं नाही.

पंधरवड्यात नाहूरची जागा भाड्याने देऊन दोघं गावी निघून गेली. निरोपसुद्धा दिला नाही. मी फोन केला की मामी उचलते आणि "ते झोपलेत" म्हणते. म्हणून शेवटी गावच्या पत्त्यावर हे पत्र पाठवलं.

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोनवर येत नाही, म्हणून लिहितो. झाल्या गोष्टीबद्दल मी काही विचारणार नाही. मामीचे गुडघे दुखतात आणि गावचं पाणी विहिरीवरून आणावं लागतं, हे तिने मला सांगितलेलं नाही, पण मला ठाऊक आहे. इथे आतली खोली रिकामी केली आहे. लिफ्ट आहे. सकाळी खाली बागेत तुमच्या वयाची बरीच मंडळी बसतात आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवंच असतं.

मी ट्रंक घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो तेव्हा किती दिवस राहणार, असं तुम्ही विचारलं नव्हतं. मीही विचारणार नाही. रविवारी न्यायला येतो.

आपला भाचा