पोर्टलीशचे आमदार

आयर्लंडमधल्या आमच्या पोर्टलीश गावात कुणी वारलं की घरच्यांच्या खालोखाल गडबड आमच्या शेजारच्या आमदारांकडे उडायची. काळा कोट चढायचा, मिशीला पाणी लागायचं आणि आमची बेल वाजायची.

"गाडी काढा. मयत आहे."

"कुणाची, आमदार?"

"तिथं गेल्यावर कळंल की."

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्यात त्यांनी जन्मभर वकिली केली आणि मध्ये एकदाच आमदार झाले. बायको गेल्यावर डॉक्टर मुलाकडे इकडे आले. पद मात्र उतरवलं नाही. इथे कोण वारलं हे सकाळी रेडिओवर सांगतात, हे कळल्यावर तर हा देश त्यांना एकदम आपला वाटला. "सॉरी फॉर युअर ट्रबल" हे इथलं सांत्वनाचं वाक्य त्यांनी घोटून पाठ केलं. ते अस्सल कोल्हापुरी हेलात म्हणत, घरच्यांचा हात दोन्ही हातांत धरून. लोकांचे डोळे भरून येत. मग आमदार चहा-सँडविचला थांबत.

"माणूस लग्नाला न आलेला लोक विसरतात," ते सांगत. "मयतीला न आलेला विसरत नाहीत."

"पण इथं तुम्ही निवडणुकीला उभे कुठून राहणार?"

"सवय मोडू ने, एवढंच."

गावी त्यांचे एक हाडवैरी होते, शिंदे वकील. कोर्टात समोर शिंदे, निवडणुकीत समोर शिंदे. आमदारकी घालवली तीही शिंद्यांनीच. आमदार शिव्या फक्त त्यांनाच देत, आणि चवीनं देत.

एका सकाळी त्यांना गावाहून फोन आला, शिंदे गेले. आमदारांची अँजिओप्लास्टी झाली त्याला फार दिवस झाले नव्हते. कळताच मी धावत गेलो, तर बापलेकांची जुंपलेली.

"बाबा, प्रवास झेपायचा नाही. घरच्यांशी फोनवर बोला."

"फोनवर मयत होत नसती."

"आयुष्यभर भांडलात त्यांच्याशी."

"व्हय. भर सभेत माझी चूक धरणारा दुसरा कोण होता? तू?"

 दोन दिवसांनी मुलानं त्यांना पुन्हा तपासलं आणि शोकसभेला पोचतील असं तिकीट स्वतःच काढलं. डब्लिनच्या विमानतळापर्यंत आमदार माझ्या शेजारी बसून भाषणाची तालीम करत होते.

ते परत आले नाहीत, गावीच रमले. शोकसभेच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. मी विचारलं, "कसं झालं भाषण?"

"झालं की. सलग."

मी अभिनंदन केलं.

"मुद्दाम एकदोन थापा मारल्या मध्ये," आमदार म्हणाले. "कुणी उठलं नाही."